एक वर्ष आधी

इटुंबी, टांझानिया
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय पप्पा,
जयभीम.

काल फोन मध्येच तुटला तेव्हा तुमचं "जेवलीस का" एवढंच विचारून झालं होतं. तसाही आपला फोन कधी त्याच्यापुढे जात नाही. म्हणून हे पत्र. गावात नेटवर्क नाही, शनिवारी बाजाराच्या गावाला गेले की येतं. तिथून कागदाचे फोटो काढून वर्षालीच्या मोबाइलवर पाठवीन. तुम्हीही हातानेच लिहा आणि तुमच्या या सुनेकडूनच फोटो पाठवा. मला तुमचं अक्षर बघायचं आहे.

इटुंबी डोंगरावर आहे, इरिंगा शहरापासून बसने चार तास. लाल माती, मका, सूर्यफूल. शाळेत गणिताला मी एकटीच. आपल्याकडच्या आठवीच्या वयाची मुलं, दोन तुकड्या मिळून एकशे अठरा. एका बाकावर चौघं. ही पोरं प्राथमिक शाळेत सगळं स्वाहिलीत शिकलेली, आणि इथे एकदम इंग्रजी. मी बोलते, ती ऐकतात. "समजलं का?" म्हटलं की सगळी एका सुरात "येस मॅडम". वह्या उघडल्या की कळतं, कुणालाही काही समजलेलं नाही. सध्या दशांश चिन्हापाशी अडलो आहोत.

इथे लहानांनी मोठ्यांना "शिकामू" म्हणायचं, म्हणजे तुमचे पाय धरते. मोठ्यांनी "मरहबा" म्हणायचं. पहिल्या दिवशी मरहबा म्हणून म्हणून माझा घसा बसला.

शेजारी नीमा राहते, माझ्याच वयाची. गणित घेऊन बी.एड. झाली आहे, चार वर्षं नेमणुकीची वाट बघते आणि तोवर आईबरोबर बाजारात कांदे विकते. ओल्या सरपणाने चूल कशी पेटवायची हे तिनेच शिकवलं. आईला सांगा, मी उपाशी नाही.

पप्पा, ताथवड्याच्या कॉलेजातली प्राध्यापकी सोडून दोन वर्षं बिनपगारी शिकवायला परदेशी जाते म्हटल्यावर दिघीतल्या दुसऱ्या कुठल्या बापाने पोरीची बॅग स्वतः बांधली असती? हे तोंडावर कधी म्हणता आलं नाही. कागदावर म्हणते. मी फार आभारी आहे.

तुमची,
आम्रपाली


दिघी
९ मार्च २०२५

चि. आम्रपाली,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आईने दोनदा वाचून घेतलं. चुलीचं ऐकून ती हसली आणि मग आत गेली.

दशांशाचं मनावर घेऊ नकोस. मी ट्रेनिंगला लागलो तेव्हा मलाही व्हर्नियरच्या मापपट्टीवरचा आकडा वाचता येत नव्हता. फळ्यावर कितीही समजावलं तरी आकडा हवेतच राहतो. तू असं कर. जाड पुठ्ठ्याची वीतभर पट्टी प्रत्येकाला कापायला लाव. तिचे दहा सारखे भाग करायचे. मग त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा. आता म्हणावं, बाकाची जाडी मोजा, वही मोजा, स्वतःचं बोट मोजा. आधी हाताला कळू दे, मग डोक्याला कळतं. बत्तीस वर्षं ग्राइंडिंग मशिनवर काढली त्यातलं एवढंच तुझ्या कामाचं आहे.

विहाराच्या दाराशी पोरांनी तुझ्या फोटोचा फ्लेक्स लावला आहे. "दिघीची कन्या, आफ्रिकेची शिक्षिका." मी नको म्हणत होतो. पण रोज सकाळी फिरायला त्याच रस्त्याने जातो, हे खरं.

एक वाईट बातमी. सनीला चाकणच्या कंपनीने पुन्हा ब्रेक दिला. अकरा महिने भरले. त्याच्या जागी दुसऱ्याच दिवशी नवा ट्रेनी उभा केला. काम तेच, मशिन तेच, फक्त माणूस बदलायचा, म्हणजे कुणालाच कायम करायला नको. तुझा भाऊ आता दुसरीकडे बघतो आहे. तू काळजी करू नकोस.

तुझा,
पप्पा


इटुंबी
२२ जून २०२५

प्रिय पप्पा,
जयभीम.

पत्राला उशीर झाला. आधी परीक्षा होत्या, मग सुट्टी लागली. तुमच्या पट्टीने कमाल केली. मुलं शाळाभर मोजत सुटली होती. एकाने मुख्याध्यापकांचा बूट मोजला. सोबत फोटो पाठवते आहे.

इथे आता कडाक्याची थंडी आहे. बाकी सगळं ठीक. सनीचं काय झालं?

तुमची,
आम्रपाली


दिघी
६ जुलै २०२५

चि. आम्रपाली,
सप्रेम जयभीम.

साडेतीन महिन्यांनी पत्र आलं आणि ते दहा ओळींचं. पट्टीचं वाचून मात्र मन भरून आलं. माझी पट्टी आफ्रिकेत! कंपनीतल्या जुन्या दोस्तांना फोन करून सांगितलं.

तुझी आई म्हणते, फोटोत मनगट बारीक दिसतं. मी म्हटलं, थंडीने दिसत असेल. ती म्हणाली, थंडीने मनगट बारीक होत नसतं. काय ते खरं लिही.

सनीला भोसरीत एका वर्कशॉपला काम लागलं, टेंपररीच. दर रविवारी विहारात कार्यक्रम असतो. गेल्या रविवारी मला माइकवर बोलायला लावलं. जन्मात पहिल्यांदा. तुझ्याबद्दल बोललो, दोन वर्षं कशी राहणार, काय शिकवतेस. खाली उतरलो तर मिनल नावाची मुलगी पुढे आली. डी.एड. करते. म्हणाली, "काका, मलाही ताईसारखं जायचंय, फॉर्म कुठे मिळतो?" तिच्यामागे आणखी तिघी. आमू, तुझ्यामुळे मला माणसं ओळखायला लागली आहेत.

तुझा,
पप्पा


इटुंबी
१० ऑगस्ट २०२५

प्रिय पप्पा,
जयभीम.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

मी डिसेंबरात परत येते आहे. दोन वर्षं पूर्ण करणार नाही. एका वर्षानेच थांबायचं ठरवलं आहे. मला इथे पाठवणाऱ्या संस्थेला तसं कळवलं. इथे माझी गरज नाही, असं माझ्या लक्षात आलं आहे. मला कुणी काढलेलं नाही आणि माझं कुणाशी भांडण नाही. माणसं इतकी चांगली आहेत की त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर वही पुरणार नाही.

विहारातल्या लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. तो मलाही पडला आहे. मिनलला फॉर्म देण्याआधी थोडं थांबा.

आई बरोबर होती. मध्ये मला मलेरिया झाला होता. आता पूर्ण बरी आहे.

तुमची,
आम्रपाली


दिघी
२४ ऑगस्ट २०२५

आम्रपाली,

तुझं पत्र वर्षाली वाचून दाखवत होती. अर्ध्यावर मी तिच्या हातातून मोबाइल घेतला.

आजारी पडलीस, घाबरलीस, घरची आठवण येते, यातलं काहीही सांग. मी उद्या तिकीट काढतो. पण "गरज नाही" असं लिहू नकोस. एकशे अठरा पोरं, एक बाई, आणि म्हणे गरज नाही. हे मला पटत नाही आणि तुलाही पटत नसणार.

कॉलेज सोडलंस तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. आता हेही सोडतेस. बत्तीस वर्षांत मी एक शिफ्ट अर्ध्यावर टाकून घरी आलो नाही. मशिनवरून अर्धवट उतरवलेला जॉब स्क्रॅपमध्येच जातो.

आई रडते आहे. मलेरिया तुला एप्रिल-मेमध्ये झाला असणार, आणि आम्हाला ऑगस्टमध्ये एका ओळीत कळतो. आम्ही तुझे कोण आहोत?

पप्पा


इटुंबी
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय पप्पा,
जयभीम.

तुमचा राग रास्त आहे. मी खोटं लिहिलं, आणि खरं लिहिलं तेही अर्धंच. आता सगळं सांगते.

मलेरिया एप्रिलच्या शेवटी झाला. दोष माझाच. मच्छरदाणी फाटली होती, शिवायचा कंटाळा केला. पहिल्या रात्रीचं मला काही आठवत नाही. सकाळी नीमा दूध घेऊन आली आणि दार उघडेना म्हणून खिडकीतून आत शिरली. तिने आणि तिच्या आईने मला दवाखान्यात नेलं, परत आणलं ते सरळ त्यांच्या घरी. बारा दिवस मी त्यांच्या एकुलत्या एका पलंगावर होते आणि त्या दोघी खाली चटईवर. आईसारखीच नीमाची आई कपाळावर हात ठेवून बडबडायची. भाषा कळत नव्हती, पण रागावते आहे हे कळायचं.

शाळा चालू होती. माझे तास कोण घेणार? नीमाने घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी मला पेज पाजायची, अंगावरचा रोजचा कपडा बदलून चांगला घालायची आणि जायची.

तेराव्या दिवशी मी काठी टेकत शाळेत गेले. वर्गाबाहेरूनच गलका ऐकू आला. मला वाटलं, पोरं दंगा करतात. आत बघते तर सगळे हात वर करून उभे. नीमा आधी स्वाहिलीत समजावत होती, मग तेच इंग्रजीत त्यांच्याकडून म्हणून घेत होती. "शून्य पूर्णांक तीन हे शून्य पूर्णांक पंचवीसपेक्षा मोठं कसं? पंचवीस तर तिनापेक्षा मोठे!" असं एक मुलगी भांडत होती. भांडत होती, पप्पा. माझ्या वर्गात चार महिन्यांत एकानेही "कसं?" असं विचारलं नव्हतं. नीमाने तिला तुमचीच पट्टी हातात दिली आणि म्हणाली, "तूच मोजून मला सांग." ती पट्टी मी आणली, पण तिचा उपयोग नीमाने केला.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. वाईट वाटलं नाही असं नाही. खूप वाटलं.

मग मुख्याध्यापकांना विचारलं, नीमाला शाळेत का घेत नाही? ते म्हणाले, "तीन वर्षं आम्ही वर लिहितो. वरून विचारतात, गणिताला माणूस आहे ना? आहे म्हणावं लागतं. तुझ्या आधी एक परदेशी मुलगा होता, त्याच्या आधी आणखी एक." मी म्हटलं, मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, "दारात आलेल्या पाहुण्याला उठ कसं म्हणायचं?"

त्या दिवशी मला सनी आठवला. त्याच्या मशिनवर दर अकरा महिन्यांनी नवा ट्रेनी उभा करतात. त्या ट्रेनीचा काय दोष? तो बिचारा शिकायला आलेला, मनापासून काम करणारा. पण तो उभा आहे तोवर सनीची जागा होत नाही. पप्पा, इटुंबीतला तो ट्रेनी मी आहे.

नीमाला सांगितलं तर तीच माझ्यावर चिडली. "तू गेलीस आणि मलाही घेतलं नाही, तर पोरांचं काय?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्याची खात्री मी देऊ शकत नव्हते. म्हणून तीन महिने गप्प राहिले. शेवटी पालकांची सभा झाली. त्यांनी ठरवलं, सरकारी नेमणुकीचा हुकूम येईपर्यंत नीमाच्या घराला लागणारा मका आणि सरपण गाव देईल, तास तिनेच घ्यायचे. मी संस्थेला लिहून दिलं की माझ्यानंतर इथे कुणाला पाठवू नका. कागदावर जागा रिकामी दिसल्याशिवाय ती कुणी भरणार नाही.

मी पळून येत नाही. मला तर इथेच राहावंसं वाटतं.

आजारपण कळवलं नाही कारण तुम्ही परत ये म्हणाला असता आणि मी आले असते. मग नीमाचा वर्ग मी कधीच पाहिला नसता. तरीही चुकलं. आईचे पाय धरते.

तुमची,
आमू


दिघी
५ ऑक्टोबर २०२५

चि. आमू,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र सनीने वाचलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. ट्रेनीचं वाक्य आलं तेव्हा तो थांबला. मग म्हणाला, "माझ्या जागी आलेल्या त्या पोराला मी गेटवर शिव्या घातल्या होत्या." आणि उठून बाहेर गेला. पुढचं वर्षालीने वाचलं.

तुला एक गोष्ट सांगतो. ती तुझ्या आईलाही ठाऊक नव्हती.

मी चार वर्षं कंपनीत टेंपररी होतो. ज्या मशिनवर शिकलो, ते कोंडीराम नावाच्या ऑपरेटरचं होतं. भोसरी गावठाणातले, जमीन कंपन्यांत गेली म्हणून कामगार झालेले. मशिनवरचा माझा उस्ताद. जेवणाच्या सुट्टीत मी लांब बसायचो, का ते तुला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी ते आपला डबा घेऊन माझ्या बाकावर आले, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. एवढंच. भाषण नाही, काही नाही.

नव्वद सालची गोष्ट. त्यांची नोकरी दीड वर्ष उरली होती. एक दिवस गेटवर मला म्हणाले, "ज्ञानू, म्या हाय तवर त्ये तुला मशिन द्यायचे न्हाईत. अन् दीड वर्सात तुला भाईर काढत्याल. म्या सुटतो. कुनाला बोलू नगं." त्यांनी राजीनामा दिला आणि महिनाभरात मी कायम झालो. त्या नोकरीवर हे घर झालं, तू शिकलीस, सनी शिकला.

आणि मी त्यांना काय म्हणालो? "बरं." सव्वीस वर्षांचा होतो, लग्न ठरलं होतं, डोक्यात तेच. नंतर जाऊ, नंतर भेटू, असं करत पस्तीस वर्षं गेली. अर्धवट सोडलेला जॉब स्क्रॅपमध्ये जातो, असं तुला लिहिलं. ते लिहिणारा माणूस उभा राहिला तो दुसऱ्याने दीड वर्ष आधी सोडलेल्या जागेवर.

परवा सनीला घेऊन भोसरीत गेलो. विचारत विचारत घर सापडलं. कोंडीरामदादा नऊ वर्षांपूर्वी गेले. अंबुबाई आहेत, त्यांच्या पत्नी. नव्वदीला टेकल्या आहेत. मी पाया पडलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "आमास्नी तर गुडघं दुखत्यात म्हनून सुटलो म्हनले. गुडघं कवाच दुखलं न्हाईत की त्या मानसाचं! त्याच साली पाटीनं माती वाहून ही भिंत घातली त्यांनी." आणि भिंतीवर हात ठेवून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. म्हणाल्या, "बरं झालं बाबा सांगितलंस. म्या त्यावरनं त्यांना लई बोलले व्हते."

आमू, त्या घरातून बाहेर आलो तेव्हा मला साठीत पहिल्यांदा मोकळं वाटलं. हे तुझ्या पत्राने केलं.

अशोक विजयादशमीला विहारात मी आपण होऊन माइक मागितला. म्हटलं, माझी मुलगी एक वर्ष आधी परत येते आहे, कारण तिच्या जागेवर तिथलीच एक लायक बाई बसायला हवी. एक जण मागून म्हणाला, "म्हणजे जमलं नाही म्हणा की." मी म्हटलं, "नाही राव, तिला नीट जमलं. तुम्ही पुन्हा ऐका." आणि पुन्हा सांगितलं. मिनल नंतर भेटली. म्हणाली, फॉर्म भरीन, पण आधी विचारीन की त्या गावात कुणी घरी बसून आहे का.

मी तुला जे लिहिलं ते मागे घेतो. बापाने पोरीची माफी मागायची रीत नाही. मी मागतो आहे.

तुझा,
पप्पा


इटुंबी
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय पप्पा,
जयभीम.

तुमचं पत्र मी बाजारात, बसथांब्याच्या छपराखाली उभी राहून वाचलं. दोन बायका मला पाणी द्यायला धावल्या, इतकी रडत होते. माफी कसली मागता? कोंडीरामदादांची गोष्ट नीमाला भाषांतर करून सांगितली. ती म्हणाली, "त्यांच्या बायकोला माझा शिकामू सांग." अंबुबाईंना सांगाल ना?

हुकूम आला! एका वर्षाच्या कराराचा आहे, कायमचा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा धडपड करावी लागेल. पण शाळेच्या हजेरीपटावर शिक्षकांच्या यादीत तिचं नाव लागलं. मुख्याध्यापकांनी ते तांबड्या शाईने लिहिलं, कारण निळं पेन सापडेना आणि त्यांना थांबवेना.

गेले दोन आठवडे मी मागच्या बाकावर बसते, तीन मुलींच्या शेजारी. वह्या तपासते आणि स्वाहिली शिकते. मुली माझ्या चुकांना खुदखुदतात. इतकी सुखाची नोकरी मी कधी केली नव्हती.

जाणार म्हणून वाईट वाटतं. रोज सकाळी उठते तेव्हा वाटतं, सांगावं की राहते. मग शाळेची घंटा होते आणि नीमा हातात खडू घेऊन घाईघाईने जाताना दिसते.

१२ डिसेंबरला निघते. १३ ला दुपारी पुण्यात. पुढे काय करायचं ठरवलेलं नाही. ते आपण घरी बसून बोलू.

तुमची,
आमू


दिघी
३० नोव्हेंबर २०२५

आदरणीय नीमाताई यांस,
ज्ञानदेव यांचा आफ्रिकेच्या मुक्कामी सप्रेम जयभीम.

हे पत्र आम्रपाली तुम्हाला वाचून दाखवेल. तिने मध्ये काही गाळलं तर तिला ओरडा. तिला गाळायची सवय आहे.

मी कारखान्यात काम केलेला माणूस आहे, पत्र लिहायची सवय नाही. तुम्ही माझ्या मुलीला खिडकीतून शिरून उचललंत. स्वतः चटईवर झोपून तिला पलंग दिलात. ती ज्या खुर्चीत बसली होती ती तुमची होती, हे ठाऊक असताना दिलात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. तरी आमच्या घरातर्फे मी तुमची क्षमा मागतो.

तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. एका माणसाचे आभार मानायला मी पस्तीस वर्षं लावली आणि तोवर ते राहिले नाहीत. म्हणून तुमच्या बाबतीत उशीर करायचा नाही, असं ठरवून आज सकाळीच लिहायला बसलो. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मुलांना चांगलं शिकवा. ती तुमच्याशी भांडतात, हे ऐकून आम्हाला फार आनंद झाला.

आम्रपालीची आई शेजारी बसली आहे. तिला काय लिहायचं विचारलं तर म्हणते, ताप उतरल्यावर पोरीने पहिल्यांदा तोंडात घास घेतला, तो कशाचा होता ते विचारा. कसा केला होता, मीठ किती घातलं, ते सगळं नीट लिहून आम्रपालीबरोबर पाठवा. ती घरी आली की पहिल्या दिवशी तेच करणार म्हणते.

आपला,
ज्ञानदेव